उम्म गायबचा मोगरा

अधमिया मोहल्ल्यातल्या त्या गल्लीत सकाळ झाली हे कोंबड्याने सांगायची गरज नव्हती. उम्म गायबच्या गच्चीवरून मोगऱ्याचा वास खाली उतरला की झाली सकाळ. भट्टीवरून गरम पाव घेऊन येणारे पुरुष तिच्या भिंतीखाली उगाच दोन पावलं हळू चालत. गल्लीतल्या बायका म्हणत, "बाईचं तोंड कडू, पण हात गोड." यातलं पहिलं तिच्या कानावर कधी गेलं नाही. दुसरं ती स्वतःच चारचौघांत सांगायची.

तिचं खरं नाव फख्रिया. पण लग्न झालेल्या बाईला नुसत्या नावाने हाक मारणं बरं दिसत नाही, आणि मुलाच्या नावाने मारायची तर मूल कुठे होतं? मग गल्लीने रीतीप्रमाणे तिला उम्म गायब केलं. जो अजून आलेला नाही, त्याची आई. तिचा नवरा सब्री बाजारात पत्र्याचं काम करायचा, तो झाला अबू गायब. लग्नानंतरची पहिली काही वर्षं त्या नावात आशा होती. नंतर नुसतं नाव उरलं. सब्री कधीमधी म्हणायचा, "आपला पोरगा फार बुजरा बाई. केस पांढरे झाले तरी बाहेर यायचं नाव घेत नाही." ती हसायची नाही, पण त्याला गप्पही करायची नाही.

गच्ची म्हणजे तरी केवढी! उन्हाळ्यात दोघांच्या खाटा टाकल्या की चालायला वाट उरायची नाही. तेवढ्यात तिने जग उभं केलं होतं. सब्री तुपाचे रिकामे डबे आणायचा, वरचं तोंड कापायचा, कडा ठोकून गुळगुळीत करायचा आणि बुडाला खिळ्याने भोकं पाडून द्यायचा. त्या डब्यांत मोगरा होता, तुळशीसारख्या वासाचा रैहान होता, मिरच्या होत्या, आणि कोपऱ्यात मोठ्या पिंपात यासचं झुडूप होतं. बारीक, गडद हिरवी, चुरडली की वास हाताला चिकटून राहणारी त्याची पानं. त्या झुडपाला गल्लीत मान होता, कारण ज़करियाच्या दिवशी त्याच्यावाचून कुणाचं भागत नसे.

शाबान महिन्याच्या पहिल्या रविवारी घरोघर ज़करियाची थाळी मांडतात. घरातल्या प्रत्येक मुलग्यामागे तोटीची एक मातीची सुरई, प्रत्येक मुलीमागे बिनतोटीचं एक मडकं, त्यांच्या तोंडात यासच्या फांद्या, भोवती मेणबत्त्या, केशरी भात, दूधभात, जवाची भाकरी. म्हातारपणी ज्याला मूल झालं त्या पैगंबराचा तो दिवस. म्हणून मूल हवं असलेली बाई दिवसभर उपास करते, सात घरच्या थाळ्यांतला एकेक घास खाते आणि नवस बोलते, की मूल झालं तर पुढच्या वर्षापासून माझीही थाळी मांडीन. फख्रियाने हे घास किती वर्षं खाल्ले ते विचारू नका. गल्लीतली एकही थाळी अशी नव्हती की जिच्यात तिच्या यासची फांदी नाही, आणि तिच्या घरात एकदाही थाळी मांडली गेली नाही. शेवटी एका वर्षी तिने उपास सोडला, कुणाला न सांगता. फांद्या द्यायचं मात्र सोडलं नाही. तशी ती देणारी होती. फक्त घेणाऱ्याने दारात येऊन मागितलं पाहिजे आणि फांदी कापून होईपर्यंत तिथे उभं राहिलं पाहिजे, एवढाच तिचा हट्ट होता.

अशा बाईच्या आयुष्यात तबारक आली ती समोरच्या दारातून. तिची आई सुहाम इस्पितळात नर्स. पहाटेची पाळी असली की पोरीला ती उम्म गायबच्या हवाली करून जायची. चालायला लागल्यापासून तबारकची सकाळ त्या घरात उजाडायची. उम्म गायब तिच्यासाठी गैमर घ्यायची. म्हशीच्या दुधाची ती जाड साय विकायला एक बाई दारावर यायची. डोक्यावरची परात दोन्ही हातांनी धरलेली असल्यामुळे ती दार पायानेच वाजवायची. गैमरवर खजुराचा पाक ओतायचा, गरम पावात भरून खायचं, आणि मग दोघींनी वर जाऊन मोगरा खुडायचा. ओंजळभर फुलं तबारकच्या खिशात जायची. शाळेत तिच्या बाई म्हणायच्या, "आली वाटतं आमची अत्तराची कुपी." उम्म गायब हे ऐकून दिवसभर आतल्या आत फुलायची.

एकदा पोरीने विचारलं, "खाला, यातलं माझं झाड कुठलं?"

"सगळीच तुझी गं, बाहुले."

"मग आज पाणी मी घालू?"

"ठेव तो तांब्या खाली! मुळं कुजवशील माझी."

असं नेहमीचं चालायचं. झाडं सगळी तबारकची, पण तांब्या उम्म गायबचा. एकदा तिने मोगऱ्याची एक छाट मागितली, आपल्या दारात लावायला. उम्म गायब म्हणाली, "मोगरा कुणाच्याही हाताला लागत नाही. मोठी हो, मग बघू." पोरगी सात वर्षांची होती. तिला मोठं व्हायची घाई नव्हती, झाडाची होती.

आणि त्याच वर्षी शेजारच्या घरात इंतिसार राहायला आली.

बसऱ्याकडची, नदीकाठच्या खजुराच्या बागेत वाढलेली. नवरा मोहल्ल्याचं जनरेटर सांभाळायचा. पदरात तीन मुलं, आणि तोंडावर असं हसू की जसं काही कुणी आत्ताच विनोद केलाय. धाकट्याचं नाव याह्या. ओळख करून घ्यायला आली तेव्हा उम्म गायबने उगाच विचारायचं म्हणून विचारलं, "या दोघांत आणि याह्यात बरंच अंतर दिसतंय?"

"हो ना खाला, मधे काही राहिलंच नाही. मग ज़करियाचा नवस बोलले. एकदाच बोलले हो, आणि हा बघा." इंतिसारने पोराचा गालगुच्चा घेतला.

एकदाच. उम्म गायबच्या हातातला चहा तिथेच थांबला. तिने "माशाअल्ला" म्हटलं, साखर पुढे केली, आणि त्या बाईला त्याच क्षणी डोळ्यावर धरलं. आता ही काही इंतिसारची चूक नव्हती. पण मत्सराला चूक कुठे लागते? त्याला एक दार उघडं मिळालं की पुरे.

दोन गच्च्यांच्या मधला कठडा कमरेएवढा. थंडी सरली आणि एका सुट्टीच्या दिवशी पलीकडून पोरांचा कालवा ऐकू आला. उम्म गायबने कठड्यावरून पाहिलं. इंतिसारने लोणचेवाल्याकडून रिकामे डबे मागून आणले होते, आणि अख्ख्या गल्लीतली पोरं ते रंगवत बसली होती. लाल, पिवळा, निळा. प्रत्येकाचा आपापला डबा, वर आपापलं नाव. कुणी टोमॅटो लावत होतं, कुणी वांगं, कुणी भेंडी, कुणी झेंडू. पोरांच्या कोपरांपर्यंत चिखल होता. आणि त्या घोळक्याच्या मधोमध जिभेचं टोक बाहेर काढून लाल डब्यावर अक्षरं काढत बसली होती तबारक.

"खाला!" तिने हात हलवला. "हा माझा! माझा एकटीचा!"

"या ना तुम्हीपण," इंतिसार म्हणाली. "तुमचा हात लागला तर पोरांच्या डब्यांना बरकत येईल."

"आम्हाला नाही बाई असले खेळ जमत. तुम्ही खेळा." उम्म गायबने वाळत घातलेली चादर ओढून मधे पसरली. चादर वाळलेली होती.

त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. सब्रीने विचारलं तर म्हणाली, "पोरांना चिखलात बसवून बाई मोठी माळीण झाली." सब्री म्हणाला, "बरंय की, गल्लीत हिरवळ वाढेल." यावर तिने त्याच्या ताटातला भात काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गैमर आणून ठेवलेला, पाव गरम, आणि तबारकचा पत्ता नाही. उम्म गायब जिन्यात जाऊन उभी राहिली. वरून पलीकडच्या गच्चीतला आवाज आला, "माझ्या टोमॅटोला मीच पाणी घालणार, कुणी हात लावायचा नाही!" आवाज तबारकचाच होता. उम्म गायब तशीच खाली गेली आणि तिने दाराला आतून कडी घातली. दिवसा कडी घालायची त्या घराला सवय नव्हती, कडी गंजलेली होती, तिला दोन हात लावावे लागले. मग ती वर जाऊन मोगरा खुडत बसली. थोड्या वेळाने दार वाजलं, खालच्या अंगाला, थप थप थप. गैमरवाली काहीतरी विसरली असेल. वाजवू दे. ती उठली नाही.

तिसऱ्या दिवशी तिने गैमर घ्यायचाच नाही असं ठरवलं. कुणासाठी घ्यायचा? पहाटेच कडी घातली. दार पुन्हा खालून वाजलं, बराच वेळ वाजत राहिलं. तिचं टाळकं सटकलं. गच्चीवरूनच ती ओरडली, "नकोय म्हटलं ना! जा!" मग वाजायचं थांबलं.

त्यानंतर सुहाम पोरीला इंतिसारकडे सोडून जायला लागली. उम्म गायबने ते खिडकीच्या फटीतून पाहिलं आणि मनाशी म्हणाली, बघा, म्हणजे माझं खरंच होतं. सहा वर्षं गैमर भरवला, आणि एका रंगवलेल्या डब्यापायी पोरगी विकली गेली.

आता तिचा दिवस कठड्यापाशी जाऊ लागला. चादरीच्या कडेने ती पलीकडे बघायची. पोरांची रोपं तरारली होती आणि ते तिला बघवत नव्हतं. झेंडूला पहिली कळी आली तेव्हा पोरांनी गच्ची डोक्यावर घेतली, आणि उम्म गायबने त्याच दुपारी आपल्या डब्यांना दुप्पट खत घातलं, जसं काही स्पर्धा लागली होती. तबारकचा टोमॅटो सगळ्यांत उंच. इंतिसार तिच्या केसांवरून हात फिरवायची, त्या हाताकडे उम्म गायब पापणी न हलवता बघायची. तो हात काळा होता, नखांत माती होती, त्यात काही विशेष नव्हतं. तरी तिला तो झोपेतही दिसायचा.

अशीच बघत असताना तिच्या लक्षात एक गोष्ट आली. पोरं पाणी घालायची ते अगदी मायेने, आणि माया म्हणजे तांब्यावर तांब्या. तिच्या स्वतःच्या डब्यांखाली पाण्याचं वेटोळं कायम ओलं असायचं, फरशीवर गंजाचे गोल डाग पडलेले. पलीकडच्या डब्यांखाली फरशी कोरडी ठणठणीत होती. म्हणजे त्या डब्यांना बुडाला भोकं नव्हती. बसऱ्याच्या बाईने जन्मभर जमिनीत झाडं लावली होती, तिला डब्याचं शास्त्र काय ठाऊक. आणि गल्लीत ज्याला डबा हवा तो सब्रीकडून घ्यायचा. सब्रीचा डबा भोकं पाडूनच यायचा, तेव्हा त्याचं बूड उलटं करून कोण बघणार?

एक हाक मारायची होती. "अगं इंतिसार, भोकं पाड." संपलं. चार शब्द उम्म गायबच्या जिभेवर आले आणि तिने ते गिळले. तिच्या मनात स्पष्ट आलं, मरू देत. सगळ्यांची मरू देत. मग कळेल कुणाचा हात हात आहे. मग येईल ती परत. आणि ती खाली जाऊन मसूर निवडत बसली.

ऊन वाढलं तशी पोरांची रोपं पिवळी पडायला लागली. आधी वांगी मान टाकून बसली, मग भेंडी. पोरांना वाटलं तहान लागलीय, त्यांनी आणखी पाणी घातलं. इंतिसार गोंधळली. तिने माती उकरली, पानं पुसली, शेवटी बाजारातून निळ्या मातीची सात भोकांची चकती आणून डब्यांवर टांगली, दृष्ट लागू नये म्हणून. उम्म गायबने ते पाहिलं आणि तिच्या मनात आलं, बाई गं, वर सात भोकं टांगण्यापेक्षा खाली एक पाडलं असतंस तर! आणि ती चादर नीट करून खाली गेली.

तबारकचा टोमॅटो सगळ्यात शेवटी गेला. त्या दिवशी पोरगी एवढी रडली की खाली गल्लीत ऐकू आलं. उम्म गायबला वाटलं होतं, आता आपल्याला बरं वाटेल. वाटलं नाही.

आणि मग गल्ली बोलायला लागली. पलीकडच्या गच्चीवरची सगळी हिरवळ जळते आणि कठड्याच्या अलीकडचा मोगरा मात्र डवरलेला, हे कसं? चादरीच्या आडून कोण बघत असतं, हे काय कुणी पाहिलं नव्हतं? कुणीतरी म्हणालं, "पोटी पोर नाही, दुसऱ्याच्या पोरांचं बघवत नाही तिला. नजर लागली." दृष्ट काढायला हर्मलचे दाणे निखाऱ्यावर टाकून इंतिसारच्या जिन्यात धूर केला गेला. तो धूर वाऱ्याने उम्म गायबच्याच गच्चीवर आला. सुहामने तबारकला बजावलं, "तिच्या दारासमोरून जायचं नाही. लांबून वळसा घालून ये."

उम्म गायबला हे सगळं कळत होतं आणि त्यातलं अर्धं तिला स्वतःलाच खरं वाटत होतं. तिने बघितलं होतंच की तसं. तशा नजरेनेच बघितलं होतं.

शाबान लागला. ज़करियाच्या आदल्या दिवशी तिने कात्री धुऊन पुसून ठेवली, चहाचं पाणी चढवलं, दार उघडं टाकलं. दरवर्षी या दिवशी तिच्या दारात बायकांची रांग लागायची. दुपार झाली, चहा आटला. कुणी आलं नाही. सब्री कामावरून आला, वर गेला, खाली आला.

"यास तसाच उभा आहे. कुणी फांद्या नेल्या नाहीत?"

"बाजारातून आणल्या."

"का?"

"माझी नजर लागते म्हणे. पोरांचे डबे मी मारले."

सब्री हसायला लागला. मग बायकोच्या तोंडाकडे बघून थांबला. ती म्हणाली, "त्या डब्यांना भोकं नाहीत."

"अरेच्चा! मग जाऊन सांग ना. सुटशील."

"सांगितलं तर विचारतील, तुला कधी कळलं."

"कधी कळलं?"

ती पुसलेली कात्री पुन्हा पुसायला लागली. सब्रीने डोक्यावरची टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, तिच्याकडे बघितलं. मग म्हणाला, "मग नजरच बरी. नजर आपोआप लागते, तिला कुणी जाब विचारत नाही." आणि हात धुवायला निघून गेला.

इतक्या वर्षांत तिला टोचेल असं तो हे एवढंच एक वाक्य बोलला असेल. तिला रात्रभर झोप लागली नाही.

रविवारी सूर्य मावळायच्या सुमाराला इंतिसारच्या गच्चीवर थाळी मांडली गेली. रोपं गेली होती, निदान पोरांचा दिवस तरी जाऊ नये म्हणून तिने गल्लीतल्या सगळ्या पोरांची मिळून एकच मोठी थाळी केली होती. सुरया आणि मडकी ओळीने, बाजारातल्या सुकत चाललेल्या फांद्या, मेणबत्त्या पेटलेल्या, पोरं डफ बडवत होती. आणि भिंतीला लागून ते रंगीत डबे, आत काळपट काटक्या. जिन्यातून उम्म गायब वर आली तेव्हा डफ थांबला. आया आपापल्या पोरांना जवळ ओढायला लागल्या. सुहामने तबारकला पाठीमागे घेतलं.

इंतिसार तेवढी उठली. "या खाला. घास घ्या."

"घास घ्यायचं वय गेलं माझं," उम्म गायब म्हणाली. तिने अंगावरच्या अबायाच्या आतून सब्रीची हातोडी आणि एक जाड खिळा काढला.

"अगं बाई, ज़करियाच्या दिवशी हातोडी?" कुणीतरी कुजबुजलं.

ती सरळ लाल डब्यापाशी गेली. तो कठड्यावर कलता टेकवला, बुडाशी खिळा धरला आणि घाव घातला. दुसऱ्या घावाला पत्रा फुटला आणि काळं, सडकं पाणी चिळकांडी मारून बाहेर आलं. पोरांनी "ईऽऽ" करून नाकं धरली. बायकांनी पदर तोंडाला लावले.

"एकाही डब्याला खाली भोक नाही," ती म्हणाली. "पाण्याला जायला वाट नाही, मुळं आतच कुजली. नजर नाही कुणाची."

इंतिसारने कपाळावर हात मारला. "भोकं! अरे देवा! आमच्याकडे जमिनीत लावतात हो. जमिनीला कोण भोकं पाडतं!" ती हसायला लागली, आणि तिच्या हसण्याने सगळ्याच हसल्या, सुटल्यासारख्या. जिने सगळ्यात जास्त हर्मल जाळला होता ती म्हणाली, "मी तर पहिल्यापासून म्हणत होते, नजर-बिजर काही नसतं." एकीने बसायला पाट सरकवला. उम्म गायबने हातोडी खाली ठेवली. तेवढ्यावर ती मोकळी होती.

आईच्या मागून तबारकचं डोकं बाहेर आलं. "खाला, तुला कधी कळलं?"

'आजच' हा शब्द अगदी ओठांवर होता. कुणी शंका घेतली नसती. पोरगी तिच्याकडे बघत होती, तिच्या फ्रॉकवर अजून लाल रंगाचा एक डाग होता.

"तुझा टोमॅटो वीतभर होता तेव्हाच," उम्म गायब म्हणाली.

इंतिसारचं हसू पहिल्यांदा गेलेलं गल्लीने पाहिलं.

"मग सांगितलं का नाहीस?"

"जळले मी. तू माझ्याकडे यायची बंद झालीस. तुझ्या डब्यावर जळले, हिच्या पोरांवर जळले, हिच्यावर जळले. मरू देत म्हटलं. म्हणजे तू परत येशील."

"पण मी बंद कुठे झाले?" तबारक आता आईचा हात सोडून पुढे आली होती आणि तिचा आवाज चिडका झाला होता. "मी आले होते! टोमॅटोला पाणी घातलं आणि लगेच आले. तर कडी! कित्ती वाजवलं मी. दुसऱ्या दिवशीपण वाजवलं. तर तू वरून ओरडलीस, नकोय, जा."

उम्म गायबने तोंड उघडलं. "मला वाटलं गैमर..." दार खालून वाजलं होतं. गैमरवालीच्या पायाच्या उंचीवर आणि सात वर्षांच्या मुलीच्या हाताच्या उंचीवर फरक तो किती! तिने पाट घेतला नाही, तिथेच ओल्या फरशीवर बसली, त्या घाण पाण्यात.

सुहाम म्हणाली, "चल तबारक, घरी," आणि पोरीला घेऊन गेली. बाकीच्याही एकेक उठल्या. इंतिसारने जवाच्या भाकरीचा तुकडा तिच्या हातात आणून दिला. उम्म गायबने तो खाल्ला. कशासाठी खाल्ला ते तिला सांगता आलं नसतं, नवस तर काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिचं दार पहाटेपासून सताड उघडं. दार उघडं असलं तरी ते वाजवायचं गैमरवाली सोडत नसे. थप थप झालं की उम्म गायब अनवाणी जिना उतरून धावत यायची, आणि उंबऱ्यात परात घेऊन तीच उभी.

"काय हे बाई, एवढी भूक?"

"दोघांचं दे."

"दोघांचं? अबू गायबना डॉक्टरने बंद केलाय ना?"

"तुला काय करायचंय? दे."

दुपारपर्यंत वाटी झाकून राहायची, मग सब्री ती चाटूनपुसून संपवायचा. बायकोच्या दुःखात त्याचं तेवढं फावलं. त्याने इंतिसारकडचे सगळे डबे दुकानात नेऊन भोकं पाडून दिली, आणि पोरांनी पुन्हा माती भरली. उम्म गायबने मधली चादर काढली होती. इंतिसार दिसली की सलाम व्हायचा, पण पोटातला तो जुना खडा जागचा हलला होता असं काही नाही. याह्या कठड्यावर चढून "खाला, खाला" करायचा आणि तिला वाटायचं, एकदाच नवस बोलली ही, एकदाच.

असे बरेच दिवस गेले. मोगरा ऐन भरात आला. एका सकाळी दार वाजलं नाही, कुणीतरी सरळ आत आलं. तबारक. दोन्ही हातांत लाल डबा, रिकामा.

"कलम दे," ती म्हणाली. "मोगऱ्याचं."

"आधी बैस. खाऊन घे."

"खाऊन आलेय."

उम्म गायबने तेही गिळलं. "लावणार कुठे?"

"तिकडे. माझा डबा तिकडेच असतो."

दोघी वर गेल्या. उम्म गायबने कात्री घेतली. हात सवयीने खालच्या एका मरतुकड्या काडीकडे गेला. ती काडी जगली नसती हे तिला माहीत होतं, आणि आपला हात तिकडेच का गेला हेही माहीत होतं. ती थांबली. मग मधल्या झाडाचा सर्वांत जोमदार फोक, ज्याला तिने आजवर सब्रीलाही हात लावू दिला नव्हता, तो धरला आणि कापला. कोपऱ्यातला तांब्या उचलून तोही पोरीच्या डब्यात ठेवला.

"तूच घाल पाणी. खालून गळायला लागलं की थांबायचं."

तबारकने डब्याचं बूड उलटं करून भोकं पाहिली, मान डोलावली आणि निघाली. जिन्याच्या दारात जाऊन वळली. "उद्या येईन. कडी लावू नकोस. याला पाणी घालून येईन."

"आधी इकडे ये. मग जा पाणी घालायला." उम्म गायबच्या तोंडून निघूनच गेलं.

"नाही," तबारक म्हणाली. "आधी पाणी."

पलीकडच्या गच्चीतून इंतिसारचं हसू ऐकू येत होतं, पोरं तबारकला हाका मारत होती. उम्म गायबने दाराची चौकट धरली. तिचा जीव पुन्हा तसाच जळला, अगदी पहिल्या दिवसासारखा.

"बरं," ती म्हणाली.